रमाबाईंचा ‘गर्व’: पंडिता रमाबाईंवरील ख्रिस्ती आक्षेपांची छाननी

पंडिता रमाबाईंवर त्यांच्या जुन्या समाजाने केलेली टीका महाराष्ट्राला परिचित आहे. ‘केसरी’तून झालेला भडिमार, न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी १८९३ मध्ये त्यांच्या शारदा सदन या शाळेशी तोडलेला संबंध, आणि धर्मांतरित म्हणून पुढे कितीतरी वर्षे त्यांच्या नावाभोवती जमलेले मौन, यांवर बरेच लिहून झाले आहे. ज्यांच्या धर्मात त्या गेल्या त्यांनीही त्यांना सुखाने राहू दिले नाही, ही गोष्ट मात्र त्यामानाने कमी सांगितली जाते. बाप्तिस्म्याला वर्ष उलटते न उलटते तोच त्यांच्या ख्रिस्तीपणाची उलटतपासणी सुरू झाली. कोणी त्यांना गर्विष्ठ म्हटले, कोणी पाखंडाकडे झुकलेल्या. कोणाला त्यांच्यात जातीचा अभिमान दिसला, तर कोणाला धर्मप्रसारातली हयगय. रमाबाई आयुष्यभर धर्मावर लिहीत होत्या; पत्रे, निवेदने, आत्मकथन आणि अखेर संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर हे त्यांचे धार्मिक लेखन. त्या लेखनाच्या आधारानेच हे आरोप तपासून पाहता येतात.

या वादाचा मुख्य पुरावा पत्रांत आहे. इंग्लंडमधील वाँटेज येथे ‘कम्युनिटी ऑफ सेंट मेरी द व्हर्जिन’ हा अँग्लिकन मठ आहे. तेथील सिस्टर जेराल्डिन यांनी रमाबाईंची, स्वतःची आणि इतर संबंधितांची पत्रे जपली, लावली आणि त्यांना आपली टिपणे जोडली. ए. बी. शाह यांनी संपादित केलेला हा पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ साली इंग्रजीत प्रसिद्ध केला. कागद जमवणारी व्यक्तीच येथे फिर्यादी आहे, हे वाचकाला विसरता येत नाही. पण याच फिर्यादीने आपल्याला अडचणीची वाटणारी उत्तरेही फाडून टाकली नाहीत, हे सिस्टर जेराल्डिन यांच्या प्रामाणिकपणाचे लक्षण मानले पाहिजे. रमाबाईंच्या बचावाचे उत्तम साधन त्यांच्याविरुद्ध जमवलेल्या या कागदांतच सापडते.

रमाबाई १८८३ साली वाँटेजला पोचल्या तेव्हा त्यांचे वय २५ होते. आईवडील दुष्काळात गेले होते, भाऊ गेला होता, पती बिपिनबिहारी यांचा लग्नानंतर दोन वर्षांच्या आत मृत्यू झाला होता आणि पदरी दोन वर्षांची मनोरमा होती. कलकत्त्याच्या पंडितांनी १८७८ मध्ये त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या होत्या. १८८२ मध्ये पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले आणि हंटर आयोगापुढे साक्ष दिली. वाँटेजच्या भगिनींची ओळख पुण्यातच झाली होती. इंग्लंडला जाण्यामागे वैद्यकशास्त्र शिकण्याचा हेतू होता, परंतु कानाने कमी ऐकू येत असल्यामुळे तो विचार सोडावा लागला.

त्यांच्या घडणीतली एक गोष्ट पुढच्या सगळ्या वादाच्या मुळाशी आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकापवाद पत्करून पत्नीला संस्कृत शिकवले, आणि त्या माउलीने ते मुलीला दिले. तीर्थाटनात पुराणे सांगत वाढलेली ही मुलगी ग्रंथ स्वतः वाचायला शिकली होती. कलकत्त्यास स्त्रीधर्मावर व्याख्याने देण्यासाठी तिने धर्मशास्त्रे काढून पाहिली, तेव्हा बाकी बाबतींत परस्परांशी भांडणारे ग्रंथकार स्त्रियांच्या हीनतेविषयी मात्र एकमताने बोलतात, असे तिच्या ध्यानात आले. केशवचंद्र सेन यांनी वेद वाचण्याचे उत्तेजन दिले, तेव्हा स्त्रीला तो अधिकार नाही ही भीतीही गळून पडली. ग्रंथ काय म्हणतो ते मध्यस्थाकडून ऐकायचे नाही, आपण उघडून पाहायचे, ही सवय रमाबाईंनी भारतातच लावून घेतली होती. वाँटेजला जाताना ती त्यांच्याबरोबर गेली.

ख्रिस्ती धर्माकडे त्या कशाने ओढल्या गेल्या, हे त्यांनी १९०७ मधील आत्मकथनात सांगितले आहे. भगिनींनी त्यांना लंडनजवळ फुलहॅम येथील एक आश्रयगृह दाखवले. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांची तेथे मायेने सेवा चालली होती. अशा स्त्रियांविषयी धर्मशास्त्रांत आढळलेली शिक्षेची भाषा आणि हे दृश्य यांतला फरक त्यांच्या मनात खोल गेला. ही दया कोठून आली, असे विचारता एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवली. नीलकंठशास्त्री गोरे हे काशीच्या पंडितपरंपरेतून ख्रिस्ती झालेले विद्वान. त्यांच्या लेखनाने रमाबाईंच्या बुद्धीचे समाधान बऱ्याच अंशी केले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी आई आणि मुलगी दोघींचा बाप्तिस्मा झाला. म्हणजे रमाबाईंच्या श्रद्धेचा पाया एका कथेत आणि त्या कथेला जागणाऱ्या आचरणात होता. मतांगीकारातल्या, म्हणजे मंडळीने ठरवलेल्या श्रद्धावचनांतल्या, व्याख्या त्यांच्यापुढे नंतर आल्या, आणि आल्या त्या आज्ञेच्या रूपात.

वाँटेजच्या लोकांनाही न्याय दिला पाहिजे. हा मठ विल्यम बटलर यांनी १८४८ मध्ये स्थापन केला होता आणि त्याची नाळ ऑक्सफर्ड चळवळीशी जुळलेली होती. १८३३ पासून या चळवळीतल्या लोकांनी प्रतिपादले की प्रत्येकाने मनाला येईल तसा बायबलचा अर्थ लावला तर धर्म उरणार नाही. प्रेषितांपासून चालत आलेली मंडळी, तिचे बिशप, तिचे मतांगीकार हेच अर्थाचे रक्षक आहेत. या भूमिकेसाठी त्यांनी स्वतः बरेच सोसले होते. सिस्टर जेराल्डिन यांच्या दृष्टीने आज्ञापालन ही श्रद्धेची पहिली पायरी होती. त्या रमाबाईंच्या धर्ममाता होत्या, त्यांना मनापासून जपत होत्या, आणि रमाबाईही पत्रांत त्यांना ‘आजीबाई’ म्हणत. एखाद्या कोरड्या अधिकाऱ्याशी भांडण झाले असते तर ते दोन पत्रांत संपले असते. येथे दोन्हीकडे माया होती, म्हणून ते इतके लांबले.

पहिला मोठा खटका १८८४ मध्ये उडाला. रमाबाई तेव्हा चेल्टनहॅम लेडीज कॉलेजात होत्या. तेथे संस्कृत शिकवावे आणि स्वतः गणित, विज्ञान व इंग्रजी वाङ्मय शिकावे अशी व्यवस्था होती. प्राचार्या डोरोथिया बील यांच्या मनात होते की रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे. लाहोर आणि मुंबईच्या बिशपांनी हरकत घेतली. पुरुषांना शिकवणारी बाई भारतात परतल्यावर तिच्या देशबांधवांच्या नजरेतून उतरेल आणि तिचे काम अडेल, असे त्यांचे म्हणणे. रमाबाईंचे उत्तर मुद्देसूद होते. त्यांनी भारतात पुरुषांच्या सभांतून व्याख्याने दिली होती. आईने आणि पुढे स्वतः त्यांनी तरुणांना शिकवले, त्याला ना वडिलांनी हरकत घेतली ना पतीने. मग जी गोष्ट हिंदू घरात चालली ती इंग्लंडमधल्या ख्रिस्ती लोकांना का खुपावी, याचे त्यांना नवल वाटले. भारतीय समाजाला काय रुचेल हे बिशप सांगत होते, आणि ज्या स्त्रीने तो समाज पायी फिरून पाहिला होता तिचा अनुभव जमेस धरला जात नव्हता. या प्रसंगात गर्व शोधायचाच असेल तर तो रमाबाईंच्या उत्तरात सापडत नाही.

दुसरा प्रसंग क्रुसाचा. मठात वापरला जाणारा क्रूस रमाबाईंनी धारण करावा असे सुचवले गेले. त्यावर लॅटिन अक्षरे होती. रमाबाईंना क्रूस मान्य होता, अक्षरे मान्य नव्हती. संस्कृतात नाही असे लॅटिनमध्ये कोणते पावित्र्य आहे, असे त्यांनी विचारले. लॅटिन ना आपली मातृभाषा, ना आपल्या देशभगिनींना समजणारी. मग ती अंगावर वागवून साधायचे काय? लिहायचे तर संस्कृतात लिहा, असा त्यांचा आग्रह होता. सिस्टर जेराल्डिन यांना त्यात हट्ट आणि राष्ट्राभिमान दिसला. वस्तुतः हा प्रश्न ख्रिस्ती धर्माइतकाच जुना आहे. इंग्लंडच्या मंडळीने १६व्या शतकात लॅटिन उपासना बाजूला ठेवून इंग्रजी प्रार्थनापुस्तक स्वीकारले, आणि लोकांना न कळणाऱ्या भाषेत सार्वजनिक उपासना चालवणे हे देवाच्या वचनाशी विसंगत आहे असे आपल्या ३९ कलमांत नोंदवून ठेवले. क्रुसावरची दोन अक्षरे म्हणजे उपासना नव्हे हे खरे, पण तत्त्व तेच. रमाबाईंनी इंग्लंडच्या मंडळीपुढे तिचाच धडा वाचला होता.

खाण्यापिण्याचा वाद आज वाचताना क्षुल्लक वाटतो, परंतु त्यात बरेच काही दडलेले आहे. रमाबाई बाप्तिस्म्यानंतरही शाकाहारी राहिल्या. अंडी घातलेले पुडिंगही त्यांना चालत नसे. सिस्टर जेराल्डिन यांनी याला जातीच्या पूर्वग्रहाचा अवशेष मानले. रमाबाईंनी मान्य केले की अशा काही गोष्टी आपल्यात उरल्या आहेत, त्यांना पूर्वग्रह म्हणायचे असेल तर खुशाल म्हणावे. पण एखादी इंग्रज बाई भारतात जाऊन राहिली आणि आपली चालरीत सोडायला तयार झाली नाही, तर तिलाही हाच शब्द लावणार का? देशबांधवांसारखे राहणे त्यांना प्रिय होते आणि त्यात ख्रिस्ताच्या शिकवणीला धक्का लागतो असे त्यांना वाटत नव्हते. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात भाजीपाला खाणाऱ्याला सर्व काही खाणाऱ्याने तुच्छ लेखू नये असे बजावले आहे. सिस्टर जेराल्डिन यांना तो अध्याय पाठ असणार. पण ख्रिस्ती होणे आणि इंग्रजांसारखे होणे यांतली सीमारेषा त्या काळच्या मिशनरी मनात फार पुसट होती. सुमारे ३० वर्षांनंतर रेव्हरंड नारायण वामन टिळकांना मिशनच्या चौकटीबाहेर पडावेसे वाटले, त्याच्या मुळाशीही हीच पुसट रेषा होती.

आरोपांतला सर्वांत गंभीर भाग तत्त्वसिद्धान्तांचा. १८८५ च्या उन्हाळ्यापासून पत्रांत तो केंद्रस्थानी येतो. त्रैक्य, ख्रिस्ताचे देवत्व, कुमारीपासून जन्म, आणि अथनेशियस यांच्या नावाने ओळखला जाणारा मतांगीकार यांविषयी रमाबाईंनी प्रश्न उभे केले. मनोरमेला कोणते धर्मशिक्षण द्यावे यावरूनही वाजले. आपला बाप्तिस्मा झाला तो ख्रिस्तावरच्या विश्वासाने. मंडळीच्या प्रत्येक शिकवणीला आंधळेपणाने होकार देण्याचा करार आपण केलेला नाही, अशी त्यांची भूमिका होती. मे १८८५ च्या एका लांब पत्रात त्यांनी आपल्याला स्वतःची सदसद्विवेकबुद्धी आणि विचारशक्ती असल्याचे ठामपणे लिहिले. भारतातल्या पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने मान सोडवल्यावर लगेच दुसऱ्या तशाच जोखडाखाली ती देण्याची त्यांची तयारी नव्हती. देवाची आज्ञा आणि पाद्र्याचा शब्द या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि पहिली मानायची तर दुसरा तपासला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे.

या पत्रावरून त्यांना गर्विष्ठ ठरवले गेले. सिस्टर जेराल्डिन यांच्या मते खरी ख्रिस्ती वृत्ती नम्रतेची आणि शिकण्याची. रमाबाई मात्र शिकवणाऱ्यांनाच प्रश्न विचारत होत्या. येथे दोन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली अशी की इंग्लंडच्या मंडळीच्या ३९ कलमांपैकी सहावे कलम तारणाला आवश्यक ते सर्व पवित्र शास्त्रात आहे असे सांगते, आणि जे त्यात आढळत नाही वा त्यावरून सिद्ध करता येत नाही ते श्रद्धेचा भाग म्हणून कोणावर लादू नये असेही म्हणते. आठवे कलम तिन्ही मतांगीकार स्वीकारायला सांगते हे खरे, पण कारण देते ते असे की ते शास्त्रवचनांवरून सिद्ध होतात. रमाबाई शास्त्रातला आधार मागत होत्या. मंडळीने स्वतःच्या घटनेत जो आधार दाखवण्याचे मान्य केले आहे, तो दाखवा म्हणणाऱ्याला बंडखोर कसे म्हणता येईल?

दुसरी गोष्ट अथनेशियसच्या मतांगीकाराची. हा मतांगीकार न मानणाऱ्याचा सर्वकाळचा नाश होतो, अशा आशयाची वाक्ये त्यात आहेत. ती उपासनेत जाहीरपणे म्हणावीत की नाहीत, यावर १८७० नंतरची काही वर्षे इंग्लंडच्या मंडळीत तुंबळ वाद झाला होता. वेस्टमिन्स्टरचे डीन स्टॅन्ली यांच्यासारखे मान्यवर धर्मगुरू ती वाक्ये नकोत म्हणत होते. उलट बाजूने ऑक्सफर्ड चळवळीतल्या पुसी आणि लिडन यांनी त्यात फेरफार झाल्यास पदे सोडण्याचा इशारा दिला होता. म्हणजे रमाबाई वाँटेजला पोचण्यापूर्वी जेमतेम दहा वर्षे इंग्लंडचे डीन आणि प्राध्यापक जो प्रश्न उघडपणे लढवत होते, तोच प्रश्न एका भारतीय विधवेने विचारल्यावर तो तिच्या स्वभावाचा दोष ठरला. डीन स्टॅन्लींना विरोधकांनी चुकीचे म्हटले, त्यांच्यावर कठोर टीका केली. पण आधी आज्ञापालन शिका आणि मग बोला, असे त्यांना कोणी सांगितले नसते. नवख्या ख्रिस्ती व्यक्तीला, त्यातून स्त्रीला, आणि त्यातून साम्राज्याच्या प्रजेपैकी एकीला तसे सांगणे सोपे वाटले. गर्वाच्या आरोपाचे मूळ त्या सोपेपणात आहे.

हे डोरोथिया बील यांना तेव्हाच दिसले होते, हे विशेष. त्याही निष्ठावान अँग्लिकन होत्या. परंतु त्यांनी सिस्टर जेराल्डिन यांना कळवले की रमाबाईंच्या मनाची जडणघडण पाहता ख्रिस्ती धर्म त्यांना तत्त्वज्ञान म्हणून अभ्यासू दिला पाहिजे. केवळ इतिहासात घडलेले प्रकटीकरण म्हणून तो मान्य करा असे सांगून चालणार नाही. दर्शनग्रंथांच्या देशातून आलेल्या विदुषीला पूर्वपक्ष मांडल्याशिवाय सिद्धान्त पटत नाही. शंका उभी करणे म्हणजे तेथे अश्रद्धा नसते. शंका न घेता मान डोलावणारा शिष्यच गुरूला कच्चा वाटतो. बीलबाईंनी रमाबाईंशी त्रैक्यावर पत्रांतून गंभीर चर्चा केली, आपली मते लपवली नाहीत आणि त्यांची मते हिणवली नाहीत. कटुतेशिवाय मतभेद बाळगता येतो याचा हा पुरावा त्याच पत्रसंग्रहात आहे, आणि म्हणून वाँटेजच्या बाजूने काळाची सबब पुरती लागू पडत नाही. काळ दोघींचा एकच होता.

फेब्रुवारी १८८६ मध्ये रमाबाई अमेरिकेला गेल्या. ११ मार्चला फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशी यांना वैद्यकाची पदवी मिळाली त्या समारंभाला त्या हजर होत्या. १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले. त्याच वर्षाच्या अखेरीस बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. तिचे अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल युनिटेरियन पंथाचे, तर तिच्या पाठीराख्यांत फिलिप्स ब्रूक्स यांच्यासारखे एपिस्कोपल धर्मगुरूही होते. बालविधवांसाठी काढायच्या शाळेला दहा वर्षे मदत करण्याची हमी या संस्थेने दिली, आणि ती शाळा कोणत्याही पंथाच्या प्रचारापासून अलिप्त राहील असे ठरले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले व पुढच्या वर्षी पुण्यास आले. तेथे ब्राह्मण मुलींना आपले सोवळे सांभाळता येईल अशी स्वयंपाकाची सोय होती.

आता आक्षेपाचा सूर बदलला. ख्रिस्ती बाई शाळा काढते आणि तीत ख्रिस्त शिकवत नाही, हे अनेक मिशनरींना मानवले नाही. वाँटेजलाही ते रुचले नाही. रमाबाईंनी मात्र दिलेला शब्द पाळला. कोणाला बळेच प्रार्थनेला बसवले नाही, आणि आपल्या खोलीत आपण बायबल वाचतो हे लपवलेही नाही. दार उघडे असे. त्या उघड्या दारातून काही मुली आत येऊन बसू लागल्या, तेव्हा १८९३ चे वादळ उठले. अगदी थोड्या काळात त्यांना दोन विरुद्ध ठपके सोसावे लागले. धर्माबाबत त्या फार गप्प राहतात, हा मिशनरींचा. त्या फार मोकळ्या आहेत, हा पुण्याच्या सुधारकांचा. शाळेच्या नियमात एका अक्षराचाही बदल न होता दोन्ही ठपके आले. यावरून मोजमाप घेणाऱ्यांविषयीच अधिक कळते.

१८९१ च्या सुमारास रमाबाईंच्या आंतरिक जीवनात मोठे वळण आले. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता पण धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त सापडला नव्हता, अशा अर्थाचे त्यांनी पुढे लिहिले. तारण विश्वासाने मिळते या शिकवणीवर त्या स्थिरावल्या, आणि पूर्वी शंकास्पद वाटलेल्या अनेक गोष्टी त्यांनी मनापासून स्वीकारल्या. याचा अर्थ असा लावला जातो की वाँटेजचे टीकाकारच अखेर बरोबर ठरले. तो अर्थ घाईचा आहे. ज्या आज्ञेने रमाबाई बदलाव्यात असे वाँटेजला वाटत होते, त्या आज्ञेने त्या बदलल्या नाहीत. स्वतः वाचत, प्रार्थना करत, ठेचा खात त्या त्या मुक्कामी पोचल्या. आणि पोचल्या तेव्हाही वाँटेजच्या उच्च-चर्च परंपरेत परतल्या नाहीत, कोणत्याच पंथाचे कुंपण त्यांनी घातले नाही. १८८५ मध्ये जबरदस्तीने मिळालेला होकार पोकळ राहिला असता.

रमाबाईंनी केडगावला उभारलेल्या मुक्ती मिशनचा विस्तार दुष्काळांनी केला. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतातून आणि १९०० मध्ये गुजरातेतून रमाबाईंनी अनाथ मुली व विधवा आणल्या, आणि एकेकाळी तेथे सुमारे दोन हजार जणींचे बिऱ्हाड झाले. १९०५ मध्ये येथे मोठे धार्मिक पुनरुज्जीवन झाले. शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करीत, रडत, पापे कबूल करीत. काही जणी अनोळखी भाषांत बोलू लागल्याचेही सांगितले गेले. यावर ख्रिस्ती वर्तुळातूनच नाके मुरडली गेली. हा गोंगाट आहे, उन्माद आहे, उपासनेला शिस्त हवी, असे म्हटले गेले. रमाबाईंनी ‘मुक्ति प्रेयर बेल’ या आपल्या पत्रिकेतून उत्तर दिले. त्याचा गाभा असा की भारतीय माणसे आपल्या भावना आपल्या पद्धतीने व्यक्त करणार. पवित्र आत्म्याने पाश्चात्त्य शिष्टाचाराच्या मापात बसले पाहिजे असा नियम कोणी घातला?

वाँटेजची तक्रार होती की ही बाई बुद्धीला फार महत्त्व देते. केडगावविषयीची तक्रार होती की तेथे बुद्धीला जागाच नाही. एकाच व्यक्तीवरचे हे दोन आरोप एकत्र ठेवले की त्यांच्या मुळाशी असलेली समान अपेक्षा दिसते. विचार असो की भावना, तिचे रूप युरोपातून यावे आणि भारतीयांनी ते उतरवून घ्यावे. रमाबाईंनी दोन्ही वेळा ते नाकारले.

त्यांच्या धार्मिक लेखनाचा कळस म्हणजे बायबलचे भाषांतर. मराठी बायबल त्यापूर्वी होते. १९व्या शतकाच्या आरंभी सेरामपूरच्या मिशनरींनी सुरुवात केली, पुढे अमेरिकन मिशन आणि बायबल सोसायटीने काम केले, बाबा पदमनजींसारख्या मोठ्या लेखकाने सुधारणांना हात लावला. तरीही रमाबाईंना ते पुरेसे वाटले नाही. त्यातली भाषा संस्कृतप्रचुर आहे, केडगावातल्या साध्या बायकांना ती कळत नाही, आणि जुन्या धर्मकल्पनांची छाया घेऊन आलेले शब्द शास्त्राचा अर्थ गढूळ करतात, असे त्यांचे मत होते. त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि आयुष्याची शेवटची जवळजवळ दोन दशके या कामात घालवली. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात, मुक्तीतल्याच स्त्रियांच्या हातून झाली. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, तोवर भाषांतर हातावेगळे झाले होते. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

येथे एक विसंगती दिसते आणि ती टाळून जाणे योग्य होणार नाही. तरुणपणी क्रुसावर संस्कृत हवे म्हणून भांडणारी स्त्री उतारवयात बायबलमधून संस्कृत शब्द वेचून काढत होती. जुन्या धर्माविषयीची तिची भाषाही मधल्या काळात कठोर झाली होती, हे खरे. पण दोन्ही कृतींमागचा प्रश्न एकच आहे: वाचणाऱ्याला कळते का? १८८४-८५ मध्ये लॅटिन हा पडदा होता, कारण तो देशभगिनींना परका होता. १९०५ नंतर दुष्काळातून आलेल्या, नुकती अक्षरओळख झालेल्या मुलींसाठी पंडिती मराठी हाच पडदा झाला होता. स्वतः संस्कृतात नाहून निघालेल्या विदुषीने आपले सर्वांत मोलाचे धन त्या मुलींसाठी बाजूला ठेवले. इंग्लंडच्या चर्चच्या दिनदर्शिकेत ३० एप्रिल हा आज त्यांचा स्मरणदिन आहे, आणि तेथे त्यांची ओळख पवित्र शास्त्राच्या भाषांतरकर्त्या अशी दिली जाते.

भाषांतरावरची टीका मात्र पुष्कळशी रास्त आहे. मूळ शब्दाला धरून चालण्याच्या आग्रहापायी वाक्ये जागोजाग अडखळतात, आणि साधेपणासाठी केलेले काम काही ठिकाणी दुर्बोध होते. चर्चमधील वाचनासाठी बायबल सोसायटीचेच भाषांतर टिकले. संस्कृत शब्द टाकल्याने हिंदू मनाशी बोलण्याचा एक मार्ग अरुंद झाला, हाही आक्षेप विचारात घेण्यासारखा आहे. टिळकांनी त्याच सुमारास अभंगाची आणि कीर्तनाची वाट धरून काय साधता येते ते दाखवले होते. सिस्टर जेराल्डिन यांना लिहिलेल्या काही पत्रांतली धारही गरजेपेक्षा जास्त आहे. आपल्याला आणि आपल्या लेकीला आसरा देणाऱ्या भगिनीचे मन दुखेल, याची पर्वा त्या ओळींत दिसत नाही. बचावाला या गोष्टी नाकारण्याचे कारण नाही. भाषेत चूक झाली, बोलण्यात तिखटपणा आला, हे दोष खरे धरले तरी पाखंड आणि गर्व हे मूळ आरोप त्यांनी सिद्ध होत नाहीत.

दोघींचा पत्रव्यवहार या वादाने तुटला नाही. रमाबाई अमेरिकेतून लिहीत राहिल्या, नंतर भारतातूनही लिहीत राहिल्या, आणि वाँटेजला सिस्टर जेराल्डिन आलेले प्रत्येक पत्र जपून ठेवत राहिल्या.